उतरवलेलं हेल्मेट

हेल्मेट त्याने स्वतःच्या हातांनी काढलं होतं. भालचंद्रला राहून राहून तेच आठवत होतं. थप्पड नंतरची. थप्पडीचं काय, दिल्लीच्या रस्त्यावर रोज कुणीतरी कुणालातरी मारत असतं, लोक मोबाइल काढून शूटिंग करतात आणि पुढे जातात. पण हेल्मेट? रविवारी दुपारी तनयाला नोएडाच्या क्लासवरून घेऊन येताना मुनिरकाच्या सिग्नलला स्कूटरचा आरसा एका पांढऱ्या गाडीच्या आरशाला घासला. आत बसलेला पोरगा खाली उतरला. पंचविशीचा असेल, पायात रबरी चपला, मनगटाला लाल धागा, मान बैलासारखी. आला आणि म्हणाला, "हेल्मेट उतार." एवढंच. शिवी नाही, काही नाही. आणि केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकवलेल्या, अंडर सेक्रेटरीच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या भालचंद्रने निमूटपणे हनुवटीखालचा पट्टा सोडवायला घेतला. वरून आलेल्या फाइलवर 'आज्ञेनुसार' लिहावं इतक्या सहज. पट्ट्याचं बक्कल नेहमी अडकायचं, तेव्हाही अडकलं. तो पोरगा शांतपणे थांबून राहिला. बक्कल सुटलं. तनया मागच्या सीटवरून उतरून शेजारी उभी होती. देवळात शिरताना कुणाकडे पिशवी धरायला द्यावी तसं भालचंद्रने हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि उघड्या तोंडाने त्या माणसासमोर उभा राहिला. मग थप्पड बसली. चष्मा एका कानावर लोंबकळला. मग कुणाचातरी आवाज आला, "सॉरी भाईसाब," आणि तो आपलाच आहे हे त्याला जरा उशिरा कळलं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

तिथून आर. के. पुरमपर्यंत तो उघड्या डोक्याने स्कूटर चालवत आला. हेल्मेट परत मागायचं सुचलं नाही आणि तिनेही ते दिलं नाही. तिने ते पोटाशी धरलं होतं, दोघांच्या मध्ये, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याची कड भालचंद्रच्या पाठीत रुतत होती. तो पुढे सरकला तरी ती रुततच होती. घरी आल्यावर सुहासिनीने विचारलं, "केस काय असे झालेत तुझे?" तो म्हणाला, "हवा आहे बाहेर." हवा कसली, नोव्हेंबरातली दिल्ली, धुराने डोळे चुरचुरत होते आणि झाडाचं पान हलत नव्हतं. तनया आईकडे न बघता आत गेली. जाताना तिने हेल्मेट दाराशी चपलांच्या रॅकवर ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच होतं. भालचंद्र सोमवारपासून बसने ऑफिसला जायला लागला. सुहासिनीला सांगितलं, प्रदूषण आहे, छातीला बरं नाही. त्या हेल्मेटला हात लावायची त्याची हिंमत नव्हती, हे तो तिला कसं सांगणार होता?

आणि बसमध्ये तो त्या पोराला मारायचा. दांडी धरून उभा असताना, मागून कुणाच्यातरी जेवणाच्या डब्याचा धक्का बसत असताना, तो त्याला सावकाश, चवीने मारायचा. पहिला फटका नेहमी हेल्मेटचाच. बक्कल सुटतंय, पोरगा थांबलाय, हेल्मेट डोक्यावरून वर येतंय, आणि ते खाली न जाता तसंच गरकन फिरून त्याच्या जबड्यावर बसतंय. दात पडल्याचा आवाज भालचंद्रने कधी ऐकला नव्हता, पण आता तो त्याला चांगला ओळखू यायचा, ओली सुपारी अडकित्त्यात फुटावी तसला. मग दुसरा फटका नाकाच्या हाडावर. तिसऱ्याला तो गुडघ्यावर यायचा आणि लाल धाग्याचा हात डोक्यावर धरायचा, मग त्या हातावर, बोटांवर, चपलेच्या टाचेने. एकदा तर तो त्याचं डोकं गाडीच्या दारात घालून दार लावत राहिला, लावत राहिला, इतका वेळ की ऑफिसचा स्टॉप मागे गेला आणि कंडक्टर ओरडला, "अंकलजी, उतरना है कि नहीं?" तो पुढच्या स्टॉपला उतरला. त्याला किळस आली, स्वतःचीच. पण तासाभराने 'कृपया अवलोकनार्थ सादर' अशी टिप्पणी तपासताना तो पुन्हा तिथेच होता, मुनिरकाच्या सिग्नलवर, हेल्मेट घेऊन. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या अंगात एवढं रक्त पाडायची भूक असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. सेक्शनमधला अमोल फाइल घेऊन आला तेव्हा त्याच्या गोऱ्या, गुबगुबीत, निरपराध गालाकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

आणि आता बुधवारच्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसून लेकीला शब्द दाखवत होता. उद्या संध्याकाळच्या गाडीने तनया प्रयागराजला जाणार होती. एनडीएची लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. आता पाच दिवसांची मुलाखत, आणि त्यातून निघाली की थेट खडकवासला. दिल्लीत जन्मलेली, 'भोपळा' म्हणायच्या ऐवजी 'कद्दू' म्हणणारी आपली पोर पुण्याला जाऊन अंगावर वर्दी चढवणार, हे भालचंद्रने सोसायटीत सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं. क्लासमधले निवृत्त कर्नलसाहेब म्हणायचे, मुलाखतीत माणूस तपासत नाहीत, माणसाच्या आतलं तपासतात. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, की लगेच पुढचा शब्द. विचार करायला वेळच द्यायचा नाही म्हणजे आतलं बाहेर येतं. मग या क्लासवाल्यांनी त्यावरही तोड काढली होती: इतका सराव करा की आतलंसुद्धा पाठ केलेलं असेल. कुठलाही वाईट शब्द आला तरी वाक्य चांगलंच लिहायचं. भालचंद्रने खात्याच्या जुन्या डेस्क कॅलेंडरची पानं कापून मागच्या बाजूला शब्द लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, स्केचपेनने. उन्हाळ्यापासून रोज संध्याकाळी हा खेळ चालायचा. तो पान उचलायचा, तनया लिहायची, मोबाइल टिर्र करायचा. दिवसातला हा त्याचा सगळ्यात आवडता वेळ होता, कारण चूक झाली की ती "शिट यार, बाबा!" म्हणून हसायची आणि तो "भाषा, भाषा!" म्हणून डोळे वटारायचा. रविवारनंतर ती हसली नव्हती. चुकलीही नव्हती. वर बघतसुद्धा नव्हती, बघायची ती फक्त पानाकडे.

त्याने 'ब्लड' उचललं. तिने खाली मान घालून लिहिलं: रक्तदानाने जीव वाचतो. त्याच्या मनात आलं: रक्त त्याच्या नाकातून त्याच्या पांढऱ्या बंपरवर. टिर्र. 'वीक.' तिने लिहिलं: सरावाने दुबळा माणूस बलवान होतो. त्याच्या मनात आलं: बक्कल. 'फिअर.' भीतीवर मात करता येते. सॉरी भाईसाब. टिर्र. 'एनिमी', 'नाइफ', 'डिफीट', एकेका शब्दाबरोबर तिची वाक्यं धुतलेल्या कपबशांसारखी एकापुढे एक मांडली जात होती आणि त्याची वाक्यं कुठे मांडायची सोयच नव्हती. आपल्याला त्या पडद्यासमोर बसवलं असतं तर? पंधरा सेकंदही लागले नसते. त्यांनी पोलिसच बोलावले असते. स्वयंपाकघरात सुहासिनी उद्याच्या प्रवासासाठी धपाटे थापत होती, तव्यावरचा तिळाचा वास बाहेर येत होता. त्याने पुढचं पान उचललं आणि मग बघितलं, ते 'फादर' होतं. उचललेलं खाली ठेवता येत नव्हतं. तनयाचं पेन थांबलं. त्याने बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी तो तिच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिला. मोबाइल वाजला तेव्हा कागदावरची ती ओळ कोरी होती. "पुढचा," ती म्हणाली.

कोरी ओळ. शिवी लिहिली असती तर परवडलं असतं. आपल्या वडिलांबद्दल, तात्यारावांबद्दल, कुणी विचारलं असतं तर त्याने पंधरा सेकंदांत दहा वाक्यं लिहिली असती. कराडच्या एसटी डेपोत कारकून, अंगाने किडकिडीत, आवाज इतका मऊ की टेलिफोनवर लोक त्यांना बाई समजायचे. डेपो मॅनेजर चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढायचा आणि ते "हो साहेब, चुकलं साहेब" म्हणत उभे राहायचे. शाळेतून डबा द्यायला गेलेल्या भालचंद्रने ते पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तात्याराव घरी आले, चहा प्याले, आणि चहात साखर कमी म्हणून उठून भालचंद्रच्या कानफटात मारली. साखर त्याने घातलेलीच नव्हती. रात्री त्याच्या गालाला तूप लावताना आई म्हणाली होती, "वड्याचं तेल वांग्यावर, चालायचंच बाळा." चालायचंच! तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या त्याने ठरवलं होतं की आपण मोठे झालो की पोरांना बोट लावायचं नाही. आणि त्याने ते पाळलं होतं. सुहासिनीने कधी चापट दिली असेल, त्याने नाही. तनया लहानपणी बाल्कनीतून त्याचे चष्मे खाली टाकायची तेव्हाही नाही. आयुष्यात अभिमान वाटावा अशा त्याच्याकडे फार गोष्टी नव्हत्या, ही एक होती, आणि ती तो मनात अधूनमधून काढून बघायचा.

तिकिटं दोन काढलेली होती. तो बरोबर जाणार होता, तिथे लॉजमध्ये राहणार होता, तिला फाटकापर्यंत सोडणार होता. काल जेवताना ती ताटात बघत म्हणाली, "बाबा, तू नको येऊस. मी एकटी जाते." सुहासिनी म्हणाली, "अगं, असं काय?" ती म्हणाली, "बिल्कुल ठीक आहे आई, सगळ्या मुली एकट्याच येतात." त्याने मान डोलवली, आमटीचा भुरका मारला. बरोबर आहे. फाटकाशी कोण उभा करील असला बाप? त्याला तिचा राग आला नाही, निदान तसं त्याने स्वतःला सांगितलं. पण मुलाखतीत हमखास विचारतात तो प्रश्न त्याला माहीत होता, तोही त्यानेच कापलेल्या पानांत होता: तुमच्या वडिलांमधली कुठली एक गोष्ट तुम्हाला बदलावीशी वाटते? तिथे, त्या बंद खोलीत, पदकं लावलेल्या अनोळखी अधिकाऱ्यासमोर ती काय सांगणार? त्याला ते ऐकायचं होतं. जाण्याआधी, इथे, या टेबलावर. दुखरा दात जिभेने चाचपतो ना माणूस, तसं झालं होतं त्याचं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

"मॉक करू या?" तो म्हणाला. "शेवटचं."

तिने पेन खाली ठेवलं. "चलो," म्हणाली आणि उठून बाहेर गेली. हा त्यांचा जुना रिवाज होता. तो ऑफिसचा कोट अंगात चढवायचा, टेबलावरचं लोणचं-मीठ बाजूला सारायचा, ती पॅसेजमधून दारावर टकटक करायची आणि आत आल्यावर तो तिला 'आप' म्हणायचा. पहिल्या दिवशी दोघांना हसू आवरलं नव्हतं. आज टकटक झाली, तो "कम इन" म्हणाला, ती आत आली, ताठ बसली, हात मांडीवर, ओठांवर कर्नलसाहेबांनी शिकवलेलं ते हसू, दात जरासे दिसणारं. रविवारनंतर ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होती, पण बापाकडे नव्हे, कोटाकडे. त्याने शाळेचं विचारलं, खेळाचं विचारलं. ती धडाधड बोलत होती. मग त्याने पाण्याचा घोट घेतला.

"अपने पिताजी में आप क्या बदलना चाहेंगी?"

"सर, कुछ नहीं," ती म्हणाली, आणि हसू जागचं हललं नाही. "सर, मी एक प्रसंग सांगते. गेल्या रविवारी रस्त्यात एका माणसाने माझ्या वडिलांवर हात उचलला. वडिलांनी सिच्युएशन शांतपणे हाताळली, सर, कारण मी सोबत होते आणि माझी सेफ्टी त्यांना महत्त्वाची होती. खरी ताकद कंट्रोलमध्ये असते, हे मी त्यांच्याकडून शिकले, सर."

त्याला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. त्याची थप्पड तिने धुऊन, इस्त्री करून, घडी घालून बॅगेत भरली होती. रक्तदानाने जीव वाचतो. ती तिरस्काराने बोलली असती, म्हणाली असती की मला बाप बदलायचाय, तर त्याने ऐकून घेतलं असतं. तेवढी त्याची तयारी होती. पण हे? सिच्युएशन हाताळली! बक्कल अडकलेलं तिने पाहिलं होतं. सॉरी भाईसाब तिने ऐकलं होतं. एवढी दया येते हिला आपली? कानांत गरम गरम काहीतरी चढायला लागलं आणि टेबल, मिठाची बरणी, तिचा चेहरा, सगळं फार जवळ आलं.

"खोटं बोलू नको," तो म्हणाला. 'आप' सुटून गेलं होतं.

"सर?"

"खरं सांग. मी काय केलं?"

"सर, वडिलांनी सिच्युएशन शांतपणे हाताळली, सर, कारण मी सोबत..." तीच वाक्यं, त्याच चालीत, तेच हसू.

हात कधी उठला हे त्याला कळलं नाही. टेबलावरून वाकून, कोटाच्या बाहीसकट, तो हात तिच्या गालावर बसला, पूर्ण, पाची बोटांनी, आणि बसताना त्याला बरं वाटलं. हे त्याला नंतर कधीच नाकारता येणार नव्हतं. तीन दिवस बसमध्ये उभ्या उभ्या जे मिळालं नाही ते त्या एका क्षणात मिळालं, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळी गाठ सुटली. मग तिचा चेहरा दिसला. डोकं एका बाजूला गेलेलं, केस तोंडावर आलेले. हसू मात्र अजून पुरतं गेलं नव्हतं, ओठांच्या एका कोपऱ्यात ते विसरून राहिलं होतं.

"काय गं पडलं?" सुहासिनीने आतून विचारलं.

"काही नाही आई," तनया म्हणाली. आवाज नेहमीचा. गालाला तिने हात लावला नाही. उठली आणि बाहेर गेली.

तो उभाच होता. तळहात झणझणत होता आणि तो हात तात्यारावांचा होता, तीच आखूड बोटं, तसेच केस. साहेब, चुकलं साहेब. वाटलं, आता ती आईला सांगेल, बॅग उचलून आजच निघून जाईल, आणि ते योग्यच होईल. वाटलं, हा हात दारात घालून दार लावावं, लावत राहावं. स्वयंपाकघरात तवा चरचरला. पॅसेजमध्ये तिच्या पावलांचा आवाज दाराच्या दिशेने गेला, थांबला, आणि परत आला. तिच्या हातात हेल्मेट होतं. तिने ते आणून टेबलावर, कापलेल्या पानांवर, दोघांच्या मध्ये ठेवलं. आत धुळीचा पातळ थर बसला होता, पट्टा बाहेर लोंबत होता.

"हे माझ्या हातात होतं, बाबा," ती म्हणाली.

त्याने हेल्मेटकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तू तर रिकाम्या हाताने होतास. हे माझ्याकडे होतं. त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, इतका जवळ होता यार, त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता मला. रोज पळते मी, पुशअप्स मारते, क्लासमध्ये सगळ्यांत जास्त दोर चढते. आणि मी काय केलं? हे पोटाशी धरून उभी राहिले." तिचा आवाज फाटला, तिने तो गिळला. गालावर बोटं उमटायला लागली होती. "आत्ता तू मारलंस, तेव्हापण नाही हलले. बघितलंस ना? रोज झोपताना मी त्याला मारते. ह्यानेच. डोकं फुटेपर्यंत. मग सकाळी उठून लिहिते, भीतीवर मात करता येते."

"तनू..."

"तू फाटकापर्यंत आला असतास आणि मला म्हणाला असतास, शाबास बेटा, माझी शूर पोर. तू म्हणतोसच. म्हणून नको येऊस म्हटलं. ते नसतं ऐकवलं मला."

भालचंद्र खाली बसला. इतके दिवस तो तिच्या खाली घातलेल्या मानेत स्वतःची लाज बघत होता, आणि तिथे तिची होती. एकाच घरात, भिंतीच्या दोन बाजूंना पडून, दोघं त्याच पोराला त्याच हेल्मेटने मारत होते. त्याला तिचा गाल धरायचा होता, पण ज्याने धरायचा तो हात मारून बसला होता. माफी मागायला तोंड उघडलं तर 'सॉरी' हा शब्द जिभेवर आला, आणि तो शब्द त्याने मुनिरकाच्या सिग्नलवर वापरून टाकला होता. डोळ्यांत पाणी आलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तनया त्याच खुर्चीत बसली, पाठ ताठ, हात मांडीवर.

"परत विचार," ती म्हणाली.

"नको, बाळा."

"विचार, बाबा. ते विचारणारच. खरं बोलायची प्रॅक्टिस नाही मला."

त्याने टेबलाखाली उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. मधल्या हेल्मेटमुळे तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, लाल झालेला अर्धा. ते बाजूला करावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याने केलं नाही.

"तो माणूस मारत होता," त्याने मराठीतच विचारलं, "तेव्हा तुम्ही काय करत होता?"

तिने हसायचा प्रयत्न केला नाही.

"उभी होते, सर," ती म्हणाली.